पिंपं रिकामी झाली तेव्हा

अप्पांनी सरकारी कारखान्यातल्या इंजिनिअरकीतून निवृत्त होऊन बेंगळुरूच्या उत्तरेला जमीन घेतली, द्राक्षं लावली आणि वाइनरी काढली. मी वाइन करायची आणि माझ्या थोरल्या भावानं, अण्णानं, ती विकायची असं ठरलं. आमचं आधीही फारसं पटत नव्हतं. आता भांडायला रोजचं कारण मिळालं.

मला फ्रान्समधल्या बरगंडीसारखी पांढरी वाइन करायची होती. शार्दोने द्राक्षांची, ओकच्या पिंपात सावकाश मुरलेली, जराही गोड नसलेली.

"हे आंबट पाणी व्हाइटफील्डच्या हॉटेलांत पिणार कोण?" अण्णा विचारायचा.

"ज्याला जीभ आहे तो."

एका वर्षी वाइन फार सुरेख उतरली. त्याच सुमारास मावशी आजारी पडली म्हणून मी बेळगावला गेले. परतले तर अंगणात हॉटेलवाले पाहुणे बसलेले, प्रत्येकाच्या हातात आमचा ग्लास. मी एक घोट घेतला. गोड! तशीच आत गेले आणि पिंपांवर हात मारला. सगळी पोकळ वाजली.

बाहेर येऊन पाहुण्यांसमोरच विचारलं, "पिंपं कुणी रिकामी केली?"

"मी," अण्णा म्हणाला. "टाकीत ओतली आणि स्वल्प द्राक्षाचा रस घातला. सगळ्यांना आवडतेय. तू तमाशा करू नकोस."

मी ग्लास जमिनीवर ओतला आणि पाहुण्यांना म्हणाले, "ही वाइन माझी नाही."

पाहुणे उठून गेले. अप्पा माझ्यावरच उखडले, "चारचौघांत घराची अब्रू घालवलीस!"

"आणि यानं काय केलं?"

"त्यानं विचारायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. वर्षाच्या मेहनतीची त्यांच्या लेखी एवढीच किंमत होती. अण्णापेक्षा मला त्यांचाच जास्त राग आला.

मी वाटणी मागितली आणि भांडून घेतली. रिकामी पिंपं आणि शार्दोनेचा मळा माझ्याकडे आला, बाकी सगळं त्याच्याकडे. त्याची गोड वाइन धडाधड खपते. माझी थोडीच होते, पण मला हवी तशी होते.

फाटक मात्र एकच राहिलं. तिथे आमच्या गाड्या समोरासमोर आल्या की दोघंही इंजिन बंद करून बसून राहतो. मग अप्पा काठी टेकत बाहेर येतात आणि कुणाला तरी मागे घ्यायला लावतात. परवा ते आलेच नाहीत. मी तासभर बसले. तोही बसला.