हवेतला पोस्टमन

त्या गृहस्थांचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. भिवपुरीजवळ त्यांचं फार्महाऊस आहे, आणि एका रविवारी सकाळी ते कर्जतच्या आमच्या वाचनालयात 'जागतिक सिनेमा' समजावायला आले होते. खादीचा झब्बा, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात रिमोट. चहा पितानाही तो रिमोट त्यांनी खाली ठेवला नाही.

सिनेमा जुना, फ्रेंच, खेड्यातल्या एका धांदरट पोस्टमनचा. तो सायकलवरून उतारावर सुटला, समोर शेळी आली, आता आपटणार, तेवढ्यात गृहस्थांनी बटण दाबलं. पोस्टमन हवेतच थांबला.

"हे पडणं म्हणजे यंत्रयुगापुढे खेड्याचं पडणं," ते म्हणाले. "आधी समजून घ्या, मग हसा."

दहा मिनिटांनी त्यांनी त्याला पडू दिलं, तेव्हा कुणालाच हसू आलं नाही. असं चार वेळा झालं. आम्ही माना डोलावत राहिलो. आम्ही कर्जतची शिकलेली मंडळी, काही कळलं नाही की मान जरा जास्तच जोरात डोलावतो.

पाचव्यांदा पोस्टमन विहिरीवर अधांतरी लटकला, तेव्हा वाचनालय झाडायला येणारी, डोंगरातल्या वाडीवरची म्हातारी दारातून ओरडली, "अरं बाबा, पडू दे की त्याला आदी!"

अख्खा हॉल खदखदून हसला. गृहस्थ मात्र शांतपणे म्हणाले, "आजींना पुढे बसवा. म्हणजे त्यांनाही समजेल."

हसलो मीही. पण त्याआधी हळूच मांडीवरची वही मिटली. तिच्यात मी 'यंत्रयुग' दोनदा अधोरेखित केलं होतं.