एकाच रिळातले दोर

लिफ्टकाका म्हणजे हट्टाचा महामेरू. अख्खा जन्म लिफ्ट बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला, ग्रीसनं काळी झालेली नखं कधी पांढरी झाली नाहीत, आणि तोंडी एकच मंत्र: "सगळे दोर एकाच रिळातले हवेत. एक इथला, एक तिथला असं केलंत, की एक ताणतो, दुसरा लोंबतो, आणि माणसं मध्ये लटकतात." आपण बसवलेली एकही लिफ्ट पडली नाही, हे ते कुणी न विचारताही सांगत.

मग काकूंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरपेटी काढावी लागेल. काकूंनी मनसोक्त रडून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अहो, लेकीला दिवस गेलेत. नातवंडाला गोष्टी कोण सांगणार, तुम्ही? तुम्हाला धड खारीची गोष्ट येत नाही!"

ऑपरेशनपर्यंत दोघं रोज कम्प्युटरपुढे बसले. काकू गोष्ट सांगायच्या, काका व्हिडिओ घ्यायचे. प्रत्येक गोष्टीची सुरुवात ठरलेली. काकू विचारायच्या, "अहो, सुरू झालं का?" काका म्हणायचे, "झालं, झालं, बोल." तेवढं कापून टाकायला हवं असं दोघंही म्हणत, पण ते राहूनच गेलं.

कम्प्युटर म्हातारा, त्याचं पोट लगेच भरलं. गोष्टी ठेवायच्या कुठे? काका हार्ड डिस्क आणायला गेले. दुकानवाल्या बाई भल्या होत्या, सगळी हकीकत त्यांनी ऐकून घेतली. म्हणाल्या, "काका, दोन घेताय ते उत्तम. पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या. एकाच खोक्यातल्या, बरोबरच बनलेल्या डिस्क कधीकधी बरोबरच जातात. आणि एक लेकीकडे ठेवा."

काका हसले. "बाई, जोडी लावण्यात हयात गेली माझी. मला नका शिकवू."

वर जोडीवर सवलत! मग काय, एकाच खोक्यातल्या दोन सख्ख्या बहिणी घरी आल्या आणि एकाच डबीत शेजारीशेजारी बसल्या. जे एकीवर उतरायचं, तेच दुसरीवर. दोन ठिकाणी आहे की, असं म्हणून काकांनी कम्प्युटरवरचं मूळ पुसून टाकलं. आता काय बोलावं या माणसाला!

ऑपरेशन नीट झालं. काकू घरी आल्या. गळ्याला श्वासासाठी भोक, आणि हाक मारायची तर पेल्यावर चमचा वाजवायचा. गोष्टी त्यांनी परत लावू दिल्या नाहीत. बाळ आलं की त्याच्याबरोबरच ऐकू, असं खुणेनं सांगितलं. काकांचा जीव मात्र त्या आवाजासाठी तुटायचा.

लेक बाळाला घेऊन येणार म्हणून काका सगळं तयार करायला बसले, आणि एक डिस्क टकटक करू लागली. करता करता बंद पडली. काका डगमगले नाहीत. दुसरी होती ना! तिच्यावरचं उतरवून घ्यायला ते धावत जाऊन नवी डिस्क घेऊन आले. पहिलीच गोष्ट उतरायला लागली होती, तेवढ्यात दुसरीतूनही तीच टकटक. दोन्ही दोर एकदम तुटले होते.

दुकानवाल्या बाईंनी दोन्ही डिस्क जाणकारांकडे पाठवल्या. आतल्या तबकड्यांवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही, असं उत्तर आलं. काकांनी हात जोडले. "काहीतरी करा हो. गोष्टी नसल्या तरी चालतील. सुरुवातीचं तेवढं काढून द्या, नुसतं 'अहो' तरी." बाईंनी 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं, असं काकांना वाटलं.

घरी आल्यावर काका दारातच बसले. "मी तुझा आवाज घालवला गं," म्हणाले आणि ढसाढसा रडले. काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी पेला वाजला नाही.

लेक आली. बाळ रडून रडून लाल झालेलं. ती म्हणाली, "बाबा, लावा ना आईची गोष्ट. किती दिवस वाट बघतेय मी!"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली. सांगायचं कोणत्या तोंडानं? काकांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि फाटक्या आवाजात सुरू केलं, "एक होती खार. तिला सापडला एक बदाम. तिनं तो खाऊन टाकला..."

चुकलं! खार बदाम पुरून ठेवते आणि कुठे पुरला ते विसरते, तीच तर गोष्ट. अख्खा संसार नवऱ्याच्या चुका काढण्यात गेलेल्या काकूंनी सवयीनं मान वर केली आणि तोंड उघडलं. ओठांचा 'अहो' झाला, पण गळ्याच्या भोकातून नुसती हवा सुटली.

काका त्या ओठांकडेच बघत होते.

"झालं, झालं," त्यांच्या तोंडून निघून गेलं, "बोल."

बाळ रडायचं थांबलं होतं. लेक कधी आईकडे, कधी बाबांकडे बघत होती. काका अजून कान देऊन बसले होते.