थांबा, कपिलले देतो

कपिल भोयर आमच्या ऑफिसातला सगळ्यात हुशार माणूस, अन् सगळ्यात जास्त अडकलेला बी तोच. आता तुम्ही म्हणसान, हुशार माणूस अडकते कसा? या एखाद्या दिवशी यवतमाळले, बसा माह्या बाजूच्या खुर्चीवर. फोन वाजला का आपोआप समजन.

मी नंदाबाई. कंपनी सॉफ्टवेअरची, पण मले त्यातलं ओ का ठो येत नाही. माह्यं काम फोन उचलाचं. जिल्ह्यातल्या जिनिंगवाल्यायले, म्हणजे कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्यायले, आम्ही वजनकाट्याचा प्रोग्राम देतो. कापसाची गाडी काट्यावर चढली का वजन थेट कॉम्प्युटरात जाते अन् पावतीची पट्टी छापून येते. चालला तं लय ब्येस. नाही चालला, तं इकडं माह्या फोनची बोंब अन् तिकडं गाड्यायची रांग पार सडकेपर्यंत. मारेगावचा जिनवाला तं हॅलो बी म्हणत नाही. ‘कपिल कुठं हाय?’ हेच पह्यलं वाक्य. मी म्हणतो, ‘थांबा, कपिलले देतो.’ इतके वर्षं हेच म्हटलं, का आता घरचा फोन वाजला तरी तोंडातून तेच निघते.

कंपनी नवी होती तेव्हा हा प्रोग्राम कपिलनं एकट्यानं लिहिला. एकेका जिनचा काटा एकेका तऱ्हेचा, अन् कोणता काटा केव्हा आडमुठेपणा करन ते फक्त याच्याच डोक्यात. मंग काय, दिवाळीपासून होळीपर्यंत हा माणूस यवतमाळ सोडू शकत नाही. बायको अर्पिता नागपुरात दवाखान्यात नर्स, लहानगी खुशी तिच्यापाशी. बापाची भेट रविवारी, ते बी काटे शांत राह्यले तं. एकदा खुशीनं ऑफिसच्या फोनवर मलेच विचारलं, ‘आजी, माझे बाबा काट्यावर राह्यते काय?’ काय सांगू मी त्या लेकराले?

आमचे मालक मारोतराव. त्यायनं कपिलले शब्द देल्ला होता. ‘काटा दुसऱ्या कोणाले जमू दे, मंग तू खुशाल नागपुरात बसून काम कर.’ म्हणून या सीझनच्या आधी कपिलनं बुधवारची बैठक सुरू केली. जेवणाची सुट्टी झाली का सगळे इंजिनीअर एका टेबलाभोवती. ज्याचं जे अडलं ते त्यानं मांडाचं, बाकीच्यायनं मिळून सोडवाचं. तिथं कोणी गुरुजी नाही, कोणी चेला नाही. सांगतानी कसा खुलला होता! म्हणे, ‘काकू, जूनमधी खुशीची शाळा सुरू होते. पह्यल्या दिवशी मीच सोडाले जातो का नाही पाहा.’

झाली ना बाप्पा बैठक सुरू. पण कशी? अक्षय म्हणून एक नवा इंजिनीअर, तो कीबोर्डवर बसाचा. जराशी बोटं थांबली का कपिलची खुर्ची पुढं. ‘सरक, सरक, मी दाखवतो.’ टकटक टकटक, झालं काम. ‘समजलं?’ ‘हो दादा.’ डोंबलाचं समजलं! दुसऱ्या दिवशी महागावचा फोन आला तं अक्षय बाटली घेऊन पाणी भराले पसार. मंग मी काय म्हणणार? थांबा, कपिलले देतो.

मोठ्या माणसाले तोंडावर ‘नाही समजलं’ म्हणाची आपल्याकडं पोरायले लाज. अन् कपिलले दुसऱ्याचं अडलेलं क्षणभर पाहवत नाही. कितीतरी बुधवार असेच पाण्यात गेले. हा सुटाले म्हणून बसे अन् आणखी घट्ट बांधला जाये. मले लय राग यायचा, पण मी फोनवाली बाई, मी काय बोलू?

बोलली ते अंजू. बोरी अरबजवळच्या तांड्यावरची पोरगी, कामाले चोख अन् तोंडानं फटकळ. एका बुधवारी कपिल सवयीनं म्हणे, ‘सरक अंजू.’ तिनं कीबोर्ड दोन्ही हातानं धरून ठेवला. ‘नाही सरकत.’

कपिलची खुर्ची अर्ध्यातच थांबली.

‘दादा, तुम्ही दर बुधवारी आमच्या हातातलं काम घेता. मंग आम्हाले येईन कसं? माह्या याडीनं, म्हणजे मायनं, मले भाकर शिकवली, तं घरादारानं करपलेल्या भाकरी खाल्ल्या. माय आहे म्हणून तिनं खाल्ल्या. तुम्हाले करपलेली चालतच नाही!’

‘अवं, तिकडं गाड्या उभ्या राह्यते!’ कपिल लालेलाल.

‘आता बुधवारी दुपारी इथं कोणती गाडी उभी आहे?’

कपिल उठला, माह्या टेबलापाशी येऊन बसला, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मले कीव आली. दुसऱ्या बुधवारी मी घरून तुरीच्या शेंगा आणल्या अन् त्याच्यापुढं ठेवल्या. म्हटलं, सोल. हाताले काम पाह्यजे ना त्याच्या! तिकडं पोरं चुकत, भांडत, पुन्हा पह्यल्यापासून करत. इकडं हा दाणे सोलून राह्यला अन् दात ओठ खाऊन राह्यला. पण हळूहळू अक्षय मोकळ्या तोंडानं म्हणाले लागला, ‘मले नाही समजलं, पुन्हा सांग.’ कोणी हसे नाही. मले तेव्हाच वाटलं, आता जमते.

खुशीच्या वाढदिवसाले कपिल नागपूरले गेला अन् नेमका महागावचा काटा बंद पडला. माह्या तोंडातून निघालंच होतं, ‘थांबा, कपि...’ तं अंजूनं फोनवर हात ठेवला. तेवढ्यात मारोतराव केबिनच्या बाहेर. ‘नंदाबाई, कपिलले फोन लावा!’ मी अंजूकडं पाह्यलं. तिच्या डोळ्यात अशी काही विनवणी होती का बस. मी म्हटलं, ‘साहेब, लागून नाही राह्यला त्याचा.’ लावलाच कुठं होता मी!

अंजू, अक्षय अन् बाकीचे सगळे एका टेबलावर. पह्यल्यांदा पट्टीवर वजन आलं शून्य. जिनवाला फोनवर शिव्या घालून राह्यला. पोरायनं न घाबरता सगळं पुन्हा उलगडलं. मंग आला बाप्पा आकडा! जिनवाला म्हणे, ‘कपिलनं केलं ना?’ मी म्हटलं, ‘नाही, आमच्या पोरायनं.’

कपिल परत आला, ऐकलं, डोळे भरून आले त्याचे. तसाच केबिनमधी गेला. बाहेर आला तं चेहरा पडलेला.

‘काय म्हणे रे साहेब?’

‘खूश आहेत, काकू. म्हणे, अशी बैठक कोण्या कंपनीत नसन. आता नवे इंजिनीअर घेतो, सगळ्यायले तूच तयार कर. तू गेला तं बैठक चालवन कोण?’

‘अन् तू काय म्हटलं?’

‘हो म्हटलं.’

असा संताप आला मले! ‘काहून रे हो म्हटलं?’

‘मोडन ना बैठक,’ तो म्हणे. पण माह्याकडं पाहत नव्हता. मले समजलं. आपल्यावाचून अडत नाही, याचीच त्याले भीती वाटून राह्यली होती. आधी काट्यानं धरला होता, आता बैठकीनं, अन् आतून कडी यानंच लावली.

पुढच्या बुधवारी तो टेबलापाशी मधातल्या खुर्चीवर जाऊन बसला. अंजू उभी राह्यली. ‘दादा, सरका.’

‘आं?’

‘आजची बैठक मी घेतो. पुढची अक्षय घेईन. पाळीपाळीनं चालन. साहेबाले सांगून आली मी.’

‘साहेब काय म्हणे?’

‘बैठक अशी चालली तं जाऊ दे त्याले नागपूरले, म्हणे.’

कपिल हलेना. खुर्चीचे हात घट्ट धरलेले. तेवढ्यात माह्या टेबलावरचा फोन वाजला. मारेगाव. ‘कपिल कुठं हाय?’ कपिलनं तिथूनच फोनसाठी हात पुढं केला.

मी त्याच्याकडं पाहूनच बोलली, ‘कपिल इथं नाही राहत आता. नागपुरात राह्यते, पोरीपाशी. तुमचं काय अडलं सांगा, थांबा, अंजूले देतो.’

त्याचा हात तसाच राह्यला. ‘काकू, मी इथंच तं आहो.’

‘मले कायले सांगतं?’ मी म्हटलं. ‘जाऊन खुशीले सांग.’

तेव्हा कुठं त्यानं खुर्ची सोडली.