हलका डेस्कटॉप

बाबांच्या जुन्या लॅपटॉपवरून विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि सकाळपासून त्याला झेपेल असा हलका डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची मांडणी, शोधतोय. एकात वायफायच सापडेना, दुसऱ्यात अक्षरं मुंगीएवढी. तिसरा बरा चालला, तर नेटवर कुणीतरी लिहिलेलं, की चौथा याहून हलका. डोकं पार उठलं माझं!

शेजारी बाबा चष्मा लावून बसलेले. "अरे, कोपऱ्यातला माझा पत्त्यांचा डाव कुठे गेला?"

"जुनं सगळं काढलं, बाबा. आता कसा पळतोय बघा!"

"हळू चालायचा खरा," ते म्हणाले, "पण कुठे काय आहे, ते मला ठाऊक होतं."

गुडघ्यावर हात टेकून ते उठू लागले. मी चटकन म्हणालो, "सावकाश, बाबा. आपल्याला कुठे घाई आहे?"