जांभळ्या शाईतलं नाव

निवृत्त झाल्यावर इथले, इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातले, माझ्या वयाचे डॉक्टर गोल्फ खेळायला लागले. मी शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेंच शिपायांच्या पाठपिशव्या जमवत बसलो. काळ्या मेणकापडाच्या, आत लाकडी चौकट, वर चामड्याचे पट्टे. बायको आल्यागेल्याला "यांची बोचकी" म्हणून सांगते आणि त्या खोलीचं दार लावून घेते.

त्यांतल्या एकीच्या झाकणावर आतून जांभळ्या शाईत नाव होतं. पहिल्या महायुद्धातल्या कुणा शिपायाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं. अकरा वर्षं ती माझ्याकडे होती. मागच्या हिवाळ्यात मी ते नाव संग्राहकांच्या एका वेबसाइटवर नुसतं टाइप करून टाकलं आणि फ्रान्समधून एका बाईंची ईमेल आली. त्याच नावाचे त्यांचे पणजोबा युद्धातून परतलेच नव्हते. ना मृतदेह मिळाला, ना थडगं. पण नाव आपल्याकडच्या कुलकर्ण्यांइतकं सर्रास. घरात पणजोबांचं एक पत्र होतं, त्याच्याशी अक्षर ताडून पाहायचं होतं. नावाचा फोटो पाठवाल का, असं त्यांनी विचारलं. फोटोत काय मजा, प्रत्यक्षच या, असं मी कळवलं. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही.

बाई शनिवारी येणार होत्या. बुधवारपासूनच आमच्याकडे आवराआवर सुरू झाली.

"अहो, एवढ्या लांबून गेस्ट येणार आणि तुम्ही त्यांना हे असं कळकट दाखवणार? जरा प्रेझेंटेबल करा ना," बायको म्हणाली.

जुन्या वस्तूवर कसलाही प्रयोग करायचा नाही, हा या छंदाचा पहिला नियम. इतरांना मी तो दहादा ऐकवलाय. तरी एरंडेलाची बाटली काढली. लहानपणी पाहुणे यायचे म्हटलं की वडील वहाणांना एरंडेल चोळून उन्हात ठेवत. रीडिंगमध्ये फेब्रुवारीत ऊन कुठून आणणार? पट्ट्यांना मी सढळ हाताने तेल चोळलं आणि पिशवी रेडिएटरला टेकवून ठेवली.

शुक्रवारी सकाळी पट्टे चकचकीत होते. तेल शिवणीतून झाकणाच्या कापडात उतरलं होतं आणि नावाच्या जागी तळहाताएवढा जांभळट डाग होता. भिंग लावलं, टॉर्च धरला, टाल्कम पावडर भुरभुरवून तेल टिपून पाहिलं. एक अक्षर लागेना. नावाचा फोटो मी अकरा वर्षांत एकदाही काढला नव्हता. गाढव आहे मी, असं मोठ्याने म्हणालो. बायकोने शिरा केला.

बाईंना येऊ नका म्हणून कळवायला हवं होतं. धीर झाला नाही. शनिवारी त्यांना स्टेशनवरून आणलं, खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी पर्समधून पत्र काढलं, घडी उलगडली आणि डागाशेजारी ठेवलं.

मग तुटक इंग्रजीत विचारलं, "कसं होतं अक्षर? सरळ, की तिरकं?"

अकरा वर्षं मी ते नाव वाचत होतो, आणि मला ते डोळ्यांसमोर आणता येईना. समोर पत्र होतं. त्यातली अक्षरं उजवीकडे झुकलेली.

"उजवीकडे झुकलेलं," मी म्हणालो.

बाई रडल्या. माझे दोन्ही हात धरून त्यांनी आभार मानले. पिशवी मी त्यांना देऊन टाकली. बायको माझ्याकडे बघत होती, मी खिडकीबाहेर.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडून फोटो आला. गावच्या दफनभूमीत पणजोबांच्या नावाचा दगड बसवलाय आणि दगडाखाली ती पिशवी पुरलीय. ती कुणाची होती ते मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळायचं नाही.