शेवग्यावरचा सुरवंट

मुलुंडच्या आमच्या चाळीमागे शेवगा होता आणि त्याच्या खोडावर केसाळ सुरवंट दाटीने बसायचे. कुठल्या सुरवंटाचा कोणता पतंग होतो, ते ओळखायचा मला नाद होता. सातवीत असताना मी दोन सुरवंट बिस्किटाच्या डब्यात घालून, बाळाच्या लंगोटांच्या फळीवर लपवून ठेवले.

एका दुपारी आमचं सहा महिन्यांचं बाळ अचानक किंचाळायला लागलं. मांड्या लालभडक झाल्या होत्या, गांध्या उठल्या होत्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गोवर असेल गं." आई दवाखान्यात जायला निघाली. मी फळीकडे बघितलं. डब्याचं झाकण सरकलं होतं आणि एक सुरवंट लंगोटांच्या घडीवर चालत होता.

बोलले तर मार बसणार होता. मी डबा फळीवर मागे सरकवला आणि आईबरोबर निघाले. दवाखान्यात डॉक्टर इंजेक्शन भरायला लागले, तेव्हा मात्र तोंडून निघालं, "सुरवंट लागलाय त्याला. माझा."

डॉक्टर थांबले. "केसाळ होता?"

"हो. शेवग्यावरचा."

त्यांनी चिकटपट्टी बाळाच्या मांडीवर हलकेच दाबून उचलली. तिच्यावर बारीक केस दिसले. असं पुन्हा पुन्हा केल्यावर रडणं थांबलं.

घरी आईने सगळे लंगोट उकळले. मला मारलं नाही. "दवाखान्यापर्यंत का थांबलीस गं?" एवढंच विचारलं.

उरलेल्या सुरवंटाचा डबा तिने बाहेर गॅलरीत ठेवू दिला. काही आठवड्यांनी त्यातून मळकट पिवळा पतंग निघाला, तेव्हा तिनेच मला हाक मारली.