खालच्या वावरातली माती

सासरहून परत आले ती कायमचीच. वडिलांनी मेडशीकडचं, बरडीच्या टेकाडाच्या पायथ्याचं वावर मला कसायला दिलं. वरच्या उतारावर तेव्हा पळस, धावडा, सालई अशी झाडी होती. सरपणाला आलेल्या बाया, गुराखी पाणी मागायला माझ्याकडे थांबायचे. पुढे तो उतार एकाने विकत घेतला, मशीन लावून झाडं मुळासकट काढली आणि माथ्यापर्यंत सोयाबीन पेरलं. बायाही यायच्या बंद झाल्या, गुरंही. दिवसभर कोणाशी बोलणं नसायचं. संध्याकाळी घरी भावजयीने काही विचारलं तर घशातून आवाज फुटायला वेळ लागायचा.

वरचं पाणी आता थेट माझ्या वावरातून धावायचं. काळी माती वाहून गेली, पांढरट मुरूम उघडा पडला. माझं सोयाबीन वीतभर वाढून पिवळं पडायचं.

एका उन्हाळ्यात खालच्या वावरातल्या काकू आमच्या दोन वावरांमधल्या बांधावर, धुऱ्यावर, येऊन उभ्या राहिल्या. त्याही एकट्याच, नवरा वारलेला, लेक अकोल्याला दिलेली.

"बाई, तुयी माती माह्या वावरात येऊन पडून राह्यली. घेऊन जाय."

मला तो टोमणाच वाटला. "कशी नेऊ, काकू?"

"टोपल्यानं. आनखी कशानं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खरोखरच फावडं घेऊन आल्या. त्या भरायच्या, मी डोक्यावर चुंबळ ठेवून वर नेऊन टाकायची. उन्हं चढेपर्यंत हेच. मग लिंबाखाली बसून भाकर खायची. न राहवून मी एकदा विचारलं, "चांगली माती देऊन काहून राह्यल्या तुमी?"

"कायची चांगली? नाल्यापाशी साचते, पानी धरते, माही तूर सडते." भाकर मोडत म्हणाल्या, "आन मलेबी घरी बोलाले कोन हाय?"

पोळ्याच्या आधी मोठा पाऊस झाला. अर्धीअधिक माती पुन्हा त्यांच्या वावरात गेली. मला रडूच कोसळलं. काकू मात्र हसल्या. "आली पाहुनी परत!"

वरच्या मालकाला मी विनवलं, कडेची एक पट्टी तरी गवताला सोड. तो म्हणाला, "तुह्या वावरासाठी मी माहा पेरा सोडू का?" मग मीच माझ्या वरच्या कडेची पट्टी नांगरायची सोडली. काकूंनी आणि मी उताराला आडव्या दगडांच्या ओळी रचल्या. पट्टीत कुसळी गवत उगवलं, माझ्या हद्दीत उरलेल्या जुन्या मुळांतून पळसही फुटला. पुढच्या उन्हाळ्यात माती पुन्हा वर आणली. ती सगळी टिकली नाही, पण दगडांमागे एक तुकडा काळा राहिला.

त्याच वर्षी दिवाळीत काकू अंगणात घसरून पडल्या. लेक येऊन त्यांना अकोल्याला घेऊन गेली. त्यांचं वावर आता ठोक्याने, वर्षाच्या ठरलेल्या पैशांवर, दुसऱ्याला कसायला दिलंय. ट्रॅक्टर येतो, काम करून निघून जातो. चालवणारा खालीही उतरत नाही.

यंदा त्या काळ्या तुकड्यात हरभरा पेरला. दाट आला. शेंडे खुडता खुडता ओटी भरली. घरी पुरेल तेवढी भाजी बाजूला काढली. उरलेली घेऊन मी काकूंच्या धुऱ्यावर बराच वेळ बसून राहिले.